पोटात राहिलेला बोळा

शस्त्रक्रियेच्या विद्येला आपल्याकडे शल्यतंत्र म्हणतात. शल्य म्हणजे अंगात रुतलेली परकी वस्तू. बाणाचे टोक, काटा, हाडाची किरच. ती बाहेर काढण्याचे शास्त्र ते शल्यशास्त्र. सुश्रुताच्या ग्रंथात अशी शल्ये शोधण्याच्या आणि उपटण्याच्या कितीतरी रीती सांगितल्या आहेत. आतडे अडले असता पोट कसे उघडावे, फाटलेले आतडे मुंग्यांच्या डोक्यांचा चिमटा देऊन कसे जुळवावे, हेही त्यात आहे. ज्या विद्येचे नावच मुळी शल्य काढण्यावरून पडले, त्या विद्येच्याच हातून नवे शल्य पोटात राहून जावे हा एक विलक्षण उलटा प्रकार होय. आज मला बोलावयाचे आहे ते ह्या उलट्या शल्याविषयी. आपल्या बायाबापड्या त्याला ‘बोळा राहिला’ असे म्हणतात, आणि मीही तोच शब्द वापरणार आहे.

श्रोतेहो, मी वैद्य नव्हे आणि वकीलही नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, चौकशीची कागदपत्रे आणि न्यायालयांचे निकाल चाळता चाळता झाले. तेव्हा वैद्यकाचा अधिकारी म्हणून मी येथे उभा नाही. पण ह्या विषयाचा गाभा वैद्यकाचा आहे असे मला वाटतही नाही. तो मोजणीचा आहे, आणि मोजणी हा कामगारांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. उसाची मोळी किती, वजनकाट्यावर टन किती, मुकादमाच्या वहीत खाडे किती, ह्या मोजण्यांवर ज्या जिल्ह्यातल्या हजारो कुटुंबांचे वर्ष तरते किंवा बुडते, त्या बीड जिल्ह्याला मोजणाऱ्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

प्रथम हे प्रकरण केव्हापासूनचे ते पाहू. माणसाचे पोट सर्रास उघडले जाऊ लागले त्याला दीडशे वर्षांहून फार काळ लोटलेला नाही. १८४६ साली अमेरिकेत ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखविण्यात आली. १८६७ साली लिस्टरने जखमा सडू न देण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. त्यापूर्वी पोटाला सुरी लावणे म्हणजे बहुतेक मरणालाच बोलावणे होते. ह्या दोन शोधांनंतर शल्यवैद्यांना धीर आला. बायकांच्या अंडाशयातील गाठी, अडलेली आतडी, फुटलेली आंत्रपुच्छे ह्यांवर हात चालू लागला. पोट उघडले की रक्त येणारच, आणि ते टिपून घेतल्यावाचून आतले काही दिसत नाही. त्या काळी टिपण्यासाठी समुद्रातले खरेखुरे स्पंज वापरीत. पुढे त्यांची जागा कापसाच्या जाळीदार कापडाने घेतली. तरी अमेरिकेत त्या कापडालाही स्पंज हेच नाव चिकटून राहिले. आपल्याकडे घडी लहान असेल तर ‘गॉज’ आणि मोठी असेल तर ‘मॉप’ म्हणतात.

टिपण्याची वस्तू आली, तशी ती विसरण्याची वाटही आली. १८८४ साली बाल्टिमोरच्या विल्सन नावाच्या डॉक्टराने पोट उघडल्यानंतर आत राहिलेल्या वस्तूंविषयी आपल्या व्यवसायबंधूंपुढे निबंध वाचला. त्यानंतर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वॉर्साच्या नॉइगेबाउअरने ठिकठिकाणची अशी प्रकरणे गोळा केली. १९४० साली अमेरिकेत क्रॉसेन ह्यांनी तर ह्या एकाच विषयावर आख्खे पुस्तक काढले. ह्यातला निर्भयपणा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याच धंद्यातली लाजिरवाणी गोष्ट कोणी सक्ती न करता मांडावयाची, छापावयाची आणि सहव्यवसायिकांना सावध करावयाचे, ही गोष्ट सोपी नाही.

वैद्यकाच्या भाषेत अशा राहिलेल्या बोळ्याला ‘गॉसिपिबोमा’ म्हणतात. गॉसिपियम हे कापसाचे शास्त्रीय नाव. बोमा हा आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ लपण्याची जागा असा देतात. कापूस दडलेली जागा! आमच्या गेवराई-माजलगावच्या काळ्या रानातल्या कापसाला लॅटिन आणि आफ्रिकेची भाषा मिळून असे नाव पडावे ह्याची गंमत वाटते. अर्थात ज्याच्या पोटात तो दडतो त्याला गंमत वाटत नाही.

बोळा राहतो तरी कसा? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, हातभर कापड पोटात विसरणे म्हणजे केवढा बेसावधपणा! शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्यांना विचारले की चित्र निराळे दिसते. कोरडा मॉप पांढरा असतो, पण रक्तात भिजला की तो लालकाळा, मऊ आणि निसरडा होतो, आणि आतड्यांच्या वेटोळ्यांत किंवा यकृताच्या मागे सरकला म्हणजे डोळ्यालाही मांसासारखा दिसतो आणि बोटालाही तसाच लागतो. रक्त थांबत नसते, रोग्याची नाडी बुडत असते, भूल देणारा घाई करीत असतो. अशा वेळी एकामागून एक घड्या आत दाबल्या जातात आणि बाहेर ओढल्या जातात. डोळ्याने किंवा आठवणीने त्यांचा हिशेब राहत नाही. म्हणून मोजणी.

मोजणीची रीत सांगावयास सोपी आहे. शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी दोघांनी मिळून, मोठ्याने उच्चार करीत, घड्या, सुया आणि हत्यारे मोजावयाची. फळ्यावर आकडा लिहावयाचा. मध्येच नव्या घड्या आल्या तर त्या आकड्यात मिळवावयाच्या. पोट शिवण्यास घेण्यापूर्वी पुन्हा मोजावयाचे आणि वरची त्वचा शिवताना आणखी एकदा. मॉपच्या कोपऱ्याला नाडी शिवतात आणि तिच्या टोकाला चिमटा लावून तो पोटाबाहेर लोंबत ठेवतात, म्हणजे घडी आत गेली तरी शेपूट बाहेर राहते. कोणतीही घडी मध्ये कापून दोन करावयाची नाही, हा जुन्या सिस्टरांचा कडक दंडक. कारण एकाची दोन झाली की सगळा हिशेब फसतो. कापडात बेरियमचा धागा विणण्याची युक्तीही पुढे निघाली. त्या धाग्यामुळे क्ष-किरणाच्या चित्रात बोळा उमटतो. साध्या कापसाला क्ष-किरण ओळखत नाहीत.

आपल्याकडच्या पुष्कळ रुग्णालयांत वर्षानुवर्षे काय चालत आले? जाळीदार कापडाचे ठाण यावयाचे, रिकाम्या वेळात सिस्टर आणि आया बसून ते कापावयाच्या, घड्या घालावयाच्या, गठ्ठे बांधावयाच्या आणि ते ड्रममध्ये भरून वाफेने निर्जंतुक करावयाच्या. गठ्ठा दहाचा समजावयाचा. पण रात्रपाळीच्या शेवटी पेंगुळल्या डोळ्यांनी बांधलेल्या गठ्ठ्यात कधी नऊ निघत, कधी अकरा. धागा त्यात नसेच. म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावरची मोजणी जिच्यावर उभी, ती पहिली मोजणी सर्वांत कमी पगाराच्या आणि सर्वांत अधिक थकलेल्या हातांनी केलेली असे. हे कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात ठळक अक्षरांत लिहिलेले मला आढळले नाही.

आत राहिलेल्या कापसाचे शरीर काय करते, तेही सांगितले पाहिजे. कापूस विरघळत नाही. बोळ्याबरोबर जंतू असतील तर काही दिवसांतच ताप, पोटफुगी आणि पू होतो. जंतू नसतील तर शरीर त्याच्याभोवती तंतूंची भिंत उभारते आणि आतडी तिला चिकटतात. महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे, बाईला अधूनमधून दुखत राहते आणि सोनोग्राफीत ‘गाठ’ दिसते. कधी कधी ते कापड आतडे पोखरून आत शिरते.

आता दुसरा प्रश्न : बोळा राहिला तर दोष कोणाचा? ह्या प्रश्नाचा इतिहास मला वैद्यकाच्या इतिहासाहून बोधप्रद वाटतो. त्याची सुरुवात इंग्लंडात शोधावी लागते, कारण आपल्या न्यायालयांनी आपला कायदा तेथूनच उचलला. १९०९ साली हिलियर नावाच्या खटल्यात लंडनच्या वरिष्ठ न्यायालयाने असे ठरविले की, शस्त्रक्रियागृहाचे दार लागले की आतल्या परिचारिका रुग्णालयाच्या नोकर राहत नाहीत, त्या शल्यवैद्याच्या हुकमाखाली जातात. म्हणून त्यांच्या चुकीला रुग्णालय जबाबदार नाही. पगार द्यावा रुग्णालयाने, हुकूम द्यावा डॉक्टराने, आणि चूक झाली की नोकर कोणाचाच नाही! गिरणीमालक आणि ठेकेदार ह्यांच्यातला हा खेळ आम्हा कामगारांच्या चांगला ओळखीचा आहे.

१९३७ साली इंग्लंडात पोटातील व्रण फुटलेल्या एका रोग्यावर तातडीची शस्त्रक्रिया झाली. पोट शिवण्यापूर्वी परिचारिकेने मोजणी बरोबर असल्याचे सांगितले. सुमारे दोन महिन्यांनी यकृताजवळ बोळा सापडला आणि रोगी दगावला. महॉन विरुद्ध ऑस्बर्न ह्या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे. ज्यूरीने शल्यवैद्याला दोषी धरले आणि परिचारिकेला सोडले. १९३९ साली वरिष्ठ न्यायालयात दोघा न्यायाधीशांनी फेरसुनावणीचा आदेश दिला. अशा आणीबाणीत शल्यवैद्याने किती शोधाशोध करावी हे रोग्याच्या अवस्थेवर अवलंबून आहे, असे त्यांपैकी एकाचे म्हणणे पडले. तिसरे न्यायमूर्ती गॉडर्ड ह्यांचे मत वेगळे होते. बोळा पोटात ठेवला शल्यवैद्याने, तेव्हा तो काढण्याचे कर्तव्यही त्याचेच. परिचारिकेच्या आकड्यामागे त्याला दडता येणार नाही, असे त्यांनी बजावले. अमेरिकेत १९४९ साली पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने शल्यवैद्याला गलबताच्या कप्तानाची उपमा दिली. उपमा छान आहे, पण गलबताला मालकही असतो हे तिच्यात विसरले जाते. १९५१ साली कॅसिडी खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने अखेर मालकाकडे बोट दाखविले. रोगी ज्याच्या दारी बरे होण्यास आला त्या रुग्णालयाने आपल्या नोकरांच्या, मग ते डॉक्टर का असेनात, चुकीची भरपाई केली पाहिजे, ही दिशा तेथून पक्की झाली.

ही झाली परदेशची हकीकत. आपल्या मराठवाड्यात हा प्रश्न उभा राहिला तो १९६३ साली, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. त्या वेळी मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालय एकच, ते औरंगाबादचे, १९५६ साली निघालेले. आमच्या अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकातले. बीडच्या माणसालाही मोठ्या दुखण्यासाठी औरंगाबादेचीच वाट होती. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ पासून चालू झाला होता आणि ह्या काळात त्याला जोर चढत होता. बाळंतपणासाठी आलेल्या बाईने त्याच मुक्कामात नसबंदी करून घ्यावी, असा सरकारचा सल्ला असे.

१० जुलै १९६३ रोजी सरकारी प्रसूति-रुग्णालयात एका बाईला मुलगा झाला. पुढे मूल नको ह्या विचाराने ती आली होती, म्हणून १३ जुलै रोजी तिची नसबंदी करण्यात आली. लगोलग तिला तीव्र ताप भरला आणि असह्य वेदना सुरू झाल्या. प्रकृती ढासळत गेली. नवऱ्याने धावपळ केली, मोठ्या डॉक्टरांच्या पायऱ्या चढल्या. तिला मुख्य रुग्णालयात हलविण्यात आले. १९ जुलै रोजी तेथल्या शल्यवैद्याने पहिल्या शस्त्रक्रियेची जखम पुन्हा उघडली, तो आत मॉप! त्याच्याभोवती पू झालेला. २४ जुलै रोजी ती बाई मरण पावली. बाळ चौदा दिवसांचे होते.

ध्यानात घ्या, ही बाई आजारी म्हणून आलेली नव्हती. ती धडधाकट होती. देशाची लोकसंख्या वाढू नये म्हणून सरकार जे सांगत होते ते तिने ऐकले, एवढेच तिच्याकडून घडले.

नवऱ्याने आणि मुलांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या नावाने तो आज देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत आहे. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये देण्याचा हुकूम केला. उच्च न्यायालयाने तो फिरविला. त्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक असे होते की, रुग्णालय चालविणे हे राज्याच्या सार्वभौम सत्तेचे काम आहे, आणि सार्वभौम सत्तेच्या कामात नोकराकडून अपराध घडला तर त्याची भरपाई राज्याकडून मागता येत नाही.

सार्वभौम हा शब्द ऐकताना भारदस्त वाटतो. पण त्याचा इतिहास बराच घसरडा आहे. कंपनी सरकारच्या वेळेपासून चालत आलेली ही कल्पना. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने कस्तुरीलाल खटल्यात ती उचलून धरली होती. मीरतच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचे सोने जप्त केले, ठाण्यातल्या हेडकॉन्स्टेबलाने ते लांबविले आणि तो पाकिस्तानात पळाला. न्यायालय म्हणाले, पोलिसांचे काम सार्वभौम सत्तेचे, तेव्हा राज्य भरपाई देणे लागत नाही. आता पोलिसांचे एक वेळ सोडून द्या. बाळंतिणीच्या पोटात मॉप विसरणे हे कोणत्या सार्वभौम सत्तेचे लक्षण? राजे लोक सैन्य ठेवीत, कर घेत, टाकसाळ चालवीत. पण सुईणीचे काम फक्त राजानेच करावयाचे असे कोठे ऐकिवात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी जवळजवळ हेच सांगितले. रुग्णालय चालविणे हे लोककल्याणाचे काम आहे, पण ते फक्त सरकारच करू शकते असे काम नव्हे; खाजगी लोकही रुग्णालये चालवितात; म्हणून सरकारला ह्या सबबीखाली सुटता येणार नाही. मॉप पोटात राहणे ह्यात हलगर्जी झाली की नाही ह्याचा निराळा पुरावा मागण्याचे कारण नाही, घडलेली गोष्ट स्वतःच बोलते, असेही न्यायालयाने ठरविले. ह्या निकालातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. वादात असा एक प्रश्न होता की, बाई दगावली ती पहिल्या शस्त्रक्रियेने की दुसऱ्या? न्यायालयाचे उत्तर थोडक्यात असे : दुसऱ्या शस्त्रक्रियेने दगावली असे घटकाभर धरले, तरी ती करणारा डॉक्टरही राज्याचाच नोकर होता, तेव्हा राज्याची जबाबदारी टळत नाही. म्हणजे नेमका कोणत्या हाताचा दोष ह्याची उकल होईपर्यंत रोग्याच्या वारसांनी ताटकळत बसावयाचे कारण नाही. ज्याच्या घरात घडले तो घरधनी बांधील. हिलियरच्या खटल्यातला १९०९ चा दरवाजा औरंगाबादच्या एका बाळंतिणीच्या दाव्याने आपल्या देशापुरता असा उखडून निघाला. खालच्या न्यायालयाचा छत्तीस हजारांचा हुकूम कायम झाला, तेव्हा ते चौदा दिवसांचे पोर बत्तीस वर्षांचे झाले होते.

ह्या खटल्यात आणखी एका प्रश्नाचे उत्तर मी शोधत राहिलो. त्या दिवशी मॉप मोजले कोणी, आणि मोजले असतील तर आकडा काय आला? निकाल डॉक्टर आणि राज्य ह्यांच्याविषयी बोलतो, ते रास्तच आहे. पण मोजणारीची जागा त्या सगळ्या वादात जवळजवळ रिकामी आहे.

मोजणारी एक बाई दुसऱ्या एका खटल्यात भेटते, पण ती रोगी म्हणून. गोव्यातील सरकारी रुग्णालयात ती परिचारिका होती. १९९३ साली पित्ताशयातील खड्यांसाठी मुंबईत एका खाजगी शल्यवैद्याकडे तिची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पोटदुखी तिच्या पाठीस लागली ती नऊ वर्षे. २००२ साली तपासणीत काहीतरी परकी वस्तू दिसली आणि मुंबईतच पुन्हा पोट उघडल्यावर गॉज निघाला. तिने २००४ साली ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. ग्राहक कायद्यात तक्रारीला मुदत दोन वर्षांची. ही दोन वर्षे कोठून मोजावयाची? शस्त्रक्रियेपासून, की बोळा सापडल्यापासून? २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व म्हणून मान्य केले की, इजा लपलेली असेल तर ती उमगल्यापासून मुदत मोजता येते. हे तत्त्व आपल्या कायद्यात आले ते ह्या गोव्याच्या बाईमुळे. पण तिला स्वतःला त्याचा लाभ झाला नाही. ती अनुभवी परिचारिका होती, इतकी वर्षे दुखत असता तिने शल्यवैद्याकडे जाऊन चौकशी करावयास हवी होती, असे म्हणून तिची तक्रार मुदतबाह्य ठरविण्यात आली.

न्यायालयाच्या निकालाविषयी आदर ठेवूनही मला हे पटत नाही. परिचारिकेला जास्त कळते हे खरे. पण तिला काय कळते? शस्त्रक्रियेनंतर चिकटा होतो, त्याने दुखते, गोळ्या घेऊन कामावर जावे, हेच तिला कळते. शेकडो रोग्यांना तिने हेच सांगितलेले असते. उभ्याने पाळी करणारी बाई स्वतःच्या दुखण्याला सर्वांत शेवटचा क्रमांक देते. तिची विद्या तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली, हे मला टोचते.

२००३ साली अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी अशा ५४ रोग्यांची प्रकरणे तपासली. त्यांच्या पोटात वा अन्यत्र ६१ वस्तू राहिल्या होत्या. शंभरातल्या ६९ घड्या, बाकीची हत्यारे. तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका जवळजवळ नऊपट आणि ऐन वेळी बेत बदलला तर चौपट, असे त्यांना दिसले. ह्यापेक्षाही बोलका आकडा दुसरा आहे. ज्या प्रकरणांत मोजणी झाली होती, त्यांपैकी ८८ टक्क्यांत शेवटची मोजणी ‘बरोबर’ अशी धरलेली होती. बोळा आत आणि कागदावर ‘बरोबर’! २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेची जी पडताळणी-यादी काढली, तिच्यात रोगी शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी परिचारिकेने मोजणी पुरी झाल्याचे तोंडाने सांगावे, असे म्हणूनच घातले आहे. तोंडाने, म्हणजे सर्वांना ऐकू जाईल असे.

पण तोंडाने सांगण्याची मुभा आणि ऐकले जाण्याची हमी ह्या दोन गोष्टी आहेत. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातील सिस्टरवर काढलेल्या ज्ञापनाचे प्रकरण आमच्या युनियनकडे आले होते. रात्री शस्त्रक्रिया चालली असता तिने एक मॉप कमी असल्याचे सांगितले. डॉक्टर म्हणाले, बादलीत असेल, शिवायला घेतो. ती म्हणाली, बादली दोनदा मोजली. तेव्हा आवाज चढले. सफाईच्या बाईने बादली उपडी केली, मळक्या कपड्यांचे गाठोडे सोडले, आणि त्या कपड्यांच्या घडीत मॉप सापडला. वीस मिनिटे गेली. रोगी सुखरूप घरी गेला. सिस्टरला मात्र ‘वरिष्ठांशी उद्धट वर्तन व कामात अडथळा’ असे ज्ञापन मिळाले. आम्ही उत्तरात एकच विचारले : मॉप गाठोड्यात निघाला नसता, तर हेच वर्तन काय म्हणून नोंदले असते? ते ज्ञापन पुढे मागे घेण्यात आले. मला त्यातून समजले ते एवढे की, जिच्या आकड्यावर शिलाई थांबत नाही तिची मोजणी म्हणजे केवळ सही आहे. साखर कारखान्यावरच्या वजनकाट्याची गोष्ट हीच. काटामारी होते हे ऊसतोड्यालाही दिसते. पण काट्यापाशी उभे राहून ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार त्याला नसतो.

हा विषय बीडमध्ये मांडण्याचे आणखी एक कारण आहे. पोटावर टाके असलेल्या बाया ह्या जिल्ह्यात किती आहेत, हे २०१९ साली साऱ्या देशाला कळले. ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्या जात असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितींची काढणे खरोखर अवश्य होते हा निराळा आणि संतापजनक विषय आहे; त्यावर पुष्कळ बोलले गेले आहे. माझे बोट दुसरीकडे आहे. चौदा हजारांच्या घरात ह्या पोटे उघडण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, पुष्कळशा लहान खाजगी दवाखान्यांत, जेथे दोन प्रशिक्षित माणसांनी मोठ्याने मोजावे एवढी माणसेच टेबलाशी असतील की नाही ह्याची शंका यावी.

आणि त्यानंतर बाईचे काय होते? उन्हाळ्यात शस्त्रक्रिया, दसरा-दिवाळीला कोयता उचलून कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटक. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. बाई बसली तर जोडी मोडते आणि खाड्याचा दंड बसतो. पोटात दुखले तर ‘मोळी उचलल्याने दुखत असेल’ म्हणून ती फडावरच गोळी घेते. गावी परत येते तेव्हा सहा महिने उलटलेले असतात. डॉक्टर बदललेला, कधी दवाखान्याची पाटीही बदललेली. बोळा आत असला तर त्याला ह्याहून सुरक्षित लपण्याची जागा कोणती मिळणार?

म्हणून आमच्या बैठकीत मी बायांना पोथी सांगत नाही, कागद मागावयास सांगतो. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, मागितल्यावर बहात्तर तासांच्या आत रोग्याला त्याची कागदपत्रे देणे डॉक्टरावर बंधनकारक आहे. केवळ घरी सोडल्याची चिठ्ठी नव्हे, शस्त्रक्रियेचे टिपणही. त्यात मोजणीची ओळ असते किंवा नसते, आणि दोन्ही गोष्टी बोलक्या असतात. एक अडचण त्यात आहेच. त्याच नियमांनुसार डॉक्टराने दाखल रोग्याची ही कागदपत्रे सांभाळून ठेवावयाची ती उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे. गोव्याच्या त्या परिचारिकेच्या पोटात गॉज राहिला होता नऊ वर्षे. तेव्हा कागद त्याच आठवड्यात मागावा, आणि फडावर निघताना तो शिधापत्रिकेच्या पिशवीत घालावा. कोपीच्या छपराला खोचू नये. पहिल्याच अवकाळी पावसात भिजतो.